भाताची रांग, भाकरीची रांग

बाई, मी बोलतेय आणि सून लिहितेय. अक्षर तिचं आहे, वळणदार, तुम्हाला आवडेल असं. बोलणं माझं आहे, ते तुम्हाला ओळखू येईल. आत्ता बसल्या बसल्याच आमचं एक भांडण होऊन गेलं. मी म्हटलं, "लिही, बाई, आमाला काय अक्षर आलं नाय." ही म्हणते, "आई, आम्हाला आणि नाही असं लिहितात." म्हटलं, "तुला लिहायचं तसं लिही गो, बाईंना माझा आवाज ठाऊक आहे. त्या वाचताना परत माझ्या बोलण्यात फिरवून घेतील." तेव्हा हे फार शुद्ध वाटलं तर गुण तिला द्या, आणि कुठं चुकलं असेल तर कानही तिचाच धरा.

तुमची शाळा माझ्या पडवीत भरली आणि तरी मला अक्षर आलं नाही, याला म्हणतात नशीब. शाळेचं छप्पर वाऱ्यानं नेलं, दुरुस्तीला साहेब लोकांना काही वर्षं सवड झाली नाही, म्हणून आमच्या ह्यांनी पडवी दिली. पलीकडं तुम्ही आणि तुमची पोरं, अलीकडं मी आणि माझी चूल, मध्ये कारवीचा शेणानं सारवलेला कुड. मला पाढे सगळे येतात, कारण पाढे कुडातून आत येतात. अक्षरं फळ्यावरच राहतात, त्यांना कुडातून यायला जमत नाही. अजून भाकरी थापताना माझा हात तेराच्या पाढ्यावर पडतो आणि सून हसते. एकदा तुम्ही कुडाच्या फटीशी तोंड आणून म्हणालात, "वहिनी, या की इकडं, बसा थोडा वेळ." मी म्हटलं, "आनि भाकऱ्या कोन भाजनार, तुमी?" तुम्ही म्हणालात, "मला येत नाही हो, माझी जळते," आणि इतक्या मोठ्यानं हसलात की पोरांचा पाढा मोडला. शिकलेली बाई, टोकावड्याहून एसटीनं येते, फाट्यावर उतरून चढ चढून पोचते, आणि भाकरी येत नाही! गावातल्या बायकांना हे पुष्कळ दिवस पुरलं.

आज तुमची आठवण काढायचं कारण माझी नातवंडं आहेत. जुळी. पोरगी आधी आली, पोरगा तिच्या मागून, म्हणून घरात तिला मोठी म्हणतात आणि त्याला धाकटा. माझा मुलगा, जो तुमच्या वेळी माझ्या कडेवर होता आणि तुमच्या खडूचा तुकडा ज्यानं गिळला होता, त्याची ही दोघं. तो आता आसनगावला कंपनीत जातो. ह्या जूनमध्ये दोघं पहिलीत गेली. त्याआधी त्यांना काय ठाऊक होतं, तर आपण दोघं आहोत, एवढंच. धाकटा माझ्या मांडीला टेकून नाचणीच्या पिठाची एवढीशी चानकी थापायचा, तव्यावर टाकायचा, आणि फुगली की "आजी, माझी फुगली, तुझी नाय फुगली" म्हणून नाचायचा. मोठीचा हात गोफणीवर. परसातल्या भोपळ्यावर माकडं उतरली की ती कौलांखालून गोफण काढायची आणि बापाचा नेम चुकेल पण हिचा चुकणार नाही. चानकी तो करायचा, अर्धी तिला द्यायचा. माकड ती हाकलायची आणि भोपळा दोघांनी राखला असं सांगायची. असं चाललं होतं.

मग श्रावणातल्या एका दुपारी धाकटा शाळेतून रडत आला. दप्तर फेकलं, ओट्यावर पालथा पडला. मी म्हटलं, "काय झालं रे? मारलं कोनी?" नाही म्हणाला. "पडलास?" नाही. "मग?"

"गुरुजींनी मला मुलींच्यात बसवलं."

"का?"

"मस्ती केली म्हनून."

"कोनाच्या बाजूला बसवलं?"

बराच वेळ नाक ओढलं आणि मग म्हणाला, "मोठीच्या."

मला हसू आलं. म्हटलं, "अरे, आईच्या पोटात तिच्याच बाजूला बसला होतास ना? तेव्हा नाय रडलास!" एरवी असल्या बोलण्यावर लोळून हसणारं पोर. पण हसलं नाही. "पोरं हसत व्हती मला," म्हणाला. "मुलगी मुलगी म्हनून चिडवत व्हती." आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मोठी दारात उभी होती, अंगावर दप्तर तसंच. ती रडत नव्हती. तिनं मला विचारलं, "आजी, माझ्या बाजूला बसायची शिक्षा असते?"

बाई, मी तोंडाची किती फाटकी, तुम्हाला माहीत आहे. साहेबाला उत्तर दिलं, सासऱ्याला दिलं, सरपंचाला दिलं. त्या पोरीपुढं मात्र मी गुळाचा डबा काढला. मी तिच्या हातात गूळ दिला. गूळ हे काही उत्तर नाही.

दुसऱ्या दिवसापासून धाकटा चुलीपाशी येईना. पिठाचा गोळा पुढं केला तर हात मागं. "ते मुलींचं काम आहे." कोणी सांगितलं? कोणीच नाही, सगळ्यांनाच माहीत आहे म्हणे. मोठीनं गोफण वळचणीत खोचून ठेवली आणि माकडं भोपळा खात होती ते उभी राहून बघत होती. "मुली गोफन नाय मारत, आजी." दोघं एका ताटात जेवायची, ती ताटं दोन झाली. मी म्हटलं, वा, पहिलीत जाऊन महिने किती झाले, अजून अ आ धड येत नाही, आणि एवढी विद्या येऊन बसली! आणि तेव्हा, बाई, तुमचं ते बोलणं मला कुडातून पुन्हा ऐकू आलं. तुम्ही ते ह्यांना सांगत होता, ओट्यावर चहा पिता पिता. म्हणाला होतात, "पोरं घरून येतात तेव्हा त्यांना काही ठाऊक नसतं हो, दादा. शाळेच्या दारात आम्हीच त्यांना पहिली गोष्ट शिकवतो, तू इकडं उभा राहा, ती तिकडं. अ आ त्याच्यानंतर."

म्हणून तुम्ही ते कधी शिकवलंच नाही. सकाळी पोरं जमली की तुम्ही अंगणात दोन रांगा करायच्यात, पण कशा? "आज भात खाऊन कोण आलं? इकडं. भाकरी खाऊन कोण आलं? तिकडं." दुसऱ्या दिवशी, "ज्यांच्या घरी कुत्रा आहे ते इकडं." कधी ओढा ओलांडून येणारे आणि न ओलांडणारे. रोज नवं, पण भात-भाकरी पोरांना सगळ्यात आवडायचं. सगळी एकमेकांची तोंडं हुंगून बघायची, "खोटं बोलतो, बाई, हा भातवाला आहे, मिशीला शीत हाये!" तुम्ही त्यांना कधी बसवून सांगितलं नाहीत की मुलगा मुलगी सारखे असतात. सांगितलं असतंत तर त्यांनी ते पाढ्यासारखं पाठ केलं असतं आणि घरी जाताना ओढ्यात सोडलं असतं. तुम्ही आपलं विचारायच्यात, काय खाल्लं रे? हे मला तेव्हा पोरखेळ वाटायचं. हुशारी आहे हे कळायला मला माझे दात पडावे लागले.

आणि ते साहेब आठवतात का? शहापूरहून फटफटीवर आलेले, टोपी डोक्याला घट्ट झालेले. अंगणात उभे राहून म्हणाले, "मुली एका बाजूला, मुलगे एका बाजूला." पोरं हलेनात. साहेब पुन्हा ओरडले. तेव्हा एक शेंबडी पोरगी पुढं आली आणि तिनं मोठ्या काळजीनं विचारलं, "कोनत्या मुली, सायेब? भातवाल्या का भाकरीवाल्या?" मी आत पदर तोंडात कोंबला. साहेबांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही अगदी सरळ तोंडानं म्हणालात, "साहेब, आधी तुम्ही सांगा, तुम्ही काय खाऊन आलात? म्हणजे तुम्हालाही उभं राहायला जागा देते." पुढं ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण फटफटी लवकर सुरू झाली.

आता मी एका वेगळ्या दिवसाचं सांगते, हसण्याच्या नाही. आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस आहेत. सगळं गाव चिखलात, घरातलं धान्य तळाला गेलेलं. तुमची पोरं आज गप्प आहेत, पाढा मध्येच विरतोय. मी तव्यावरची भाकरी उलटतेय आणि तुम्ही पलीकडं म्हणताय, "आज तिसरी रांग. ज्यांनी काहीच खाल्लं नाही, ते खांबापाशी या." कोणी उठत नाही. तुम्ही म्हणताय, "मी रागावणार नाही." मग एक पाऊल ऐकू येतं. मग दुसरं. मग बरीच. मी भाकरी तशीच ठेवून फटीतून बघते, तर खांबापाशी सगळ्या पोरी. एकही पोरगा नाही. आणि भाकरीच्या रांगेतला एक पोरगा खूश होऊन ओरडतो, जसं काही कोडं सुटलं, "बाई, ही तर मुलींची रांग झाली!"

तुम्ही खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणालात, "का गं, खाल्लं का नाही?" एक म्हणाली, "मी भाकऱ्या थापत व्हते, बाई, खायला येळ नाय झाला." दुसरी म्हणाली, "दादाला दिल्या. तो शेतावर जातो ना." तुम्ही म्हणालात, "दादा तर हा इथं बसलाय." ती म्हणाली, "पन मोठा झाल्यावर जाईल ना!" आणि त्याच वेळी, कुडाकडं तोंड करून, तुम्ही मला हाक मारलीत. "वहिनी, आणि तुम्ही? तुम्ही कुठल्या रांगेत?" मी म्हटलं, "भाकरीच्या." तुम्ही म्हणालात, "बरं."

दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीच्या कडेला तुमच्या डब्यातलं अर्धं ठेवलेलं होतं, केळीच्या पानावर. तुम्ही त्याबद्दल बोलला नाहीत, मी विचारलं नाही. म्हटलं, बाईंना जास्त झालं असेल.

तुमच्या जागी मी असते तर घरोघरी जाऊन आयांची उणीदुणी काढली असती. तुम्ही कोणाला बोल लावला नाहीत. एवढंच सांगितलंत, उद्यापासून भाकरी शाळेत आणायची आणि सगळ्यांनी पडवीत बसून खायची. पण आपली आपण आणायची नाही. बहिणीची भाकरी भावानं आणायची, भावाची बहिणीनं. बहीण नसेल त्यानं शेजारणीची. गावात कल्लाच झाला. एक बाई तर अंगणात येऊन कंबरेवर हात ठेवून उभी. "बाई, तुमाला भाकरी करता येत नाय, आनि आमाला वाटायला शिकवता?" तुम्ही म्हणालात, "मला येत नाही म्हणूनच विचार करते हो, करणारीला किती भूक लागत असेल." तिनं कंबरेवरचे हात काढले. मग म्हणाली, "लई लागते," आणि निघून गेली. तिच्या पोरीची भाकरी दुसऱ्या दिवशी आली.

आणि मग काय गंमत! बहिणीची भाकरी न्यायची तर ती होईपर्यंत पोराला चुलीपाशी थांबावं लागे. थांबून थांबून कंटाळला की लाकूड सारी, पाणी आणी, पिठाशी खेळे. एका पोरानं आईशी भांडण केलं, ते मला अजून आठवतं, "आये, तिची एवढीशी केलीस, मग ती माझी पन एवढीशीच आनेल!" भाकऱ्या आपोआप एका मापाच्या झाल्या. तुम्ही ते कुठून शोधून काढलंत, बाई? कोणी शिकवलं होतं? मला वाटतं कोणीच नाही. तुम्ही त्या खांबाकडं बघत रात्रभर बसला असाल आणि सकाळी एसटीत सुचलं असेल.

मग छप्पर झालं, शाळा तिच्या घरी गेली, तुमची बदली झाली मुरबाडच्या बाजूला. माझा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा रांगा परत मुलांची आणि मुलींची अशा झालेल्या. तुम्ही देवाघरी गेल्याचं मला पुष्कळ उशिरा कळलं, टोकावड्याच्या गाडीच्या कंडक्टरकडून, तेही तो तिकीट फाडता फाडता बोलला. उतरेपर्यंत मी पिशवी मांडीवर धरून बसले. कोणाला सांगावं असं गाडीत कोणी नव्हतं.

तर ह्या श्रावणात मी काठी घेतली आणि शाळेत गेले. गुरुजी तरुण आहेत, चांगले आहेत, मला बघून खुर्ची आणली. मी खुर्चीत बसले नाही. म्हटलं, "गुरुजी, मला पन शिक्षा करा. जन्मभर मस्ती केली, पन कोनी पोरांच्यात बसवलं नाय." ते गोंधळले. "काय झालं, आजी?" मी म्हटलं, "मुलीनं मस्ती केली तर काय करता?" म्हणाले, "उभं करतो." "पोरांच्यात नाय बसवत?" ते हसले. "आजी, ती काय शिक्षा झाली? म्हणजे..." आणि वाक्य तिथंच राहिलं. चेहरा लाल झाला पोराचा. खाली बघून म्हणाले, "आम्हालाही तसंच बसवायचे, आजी. मी कधी विचारच नाही केला." मग मी त्यांना तुमच्या रांगांचं सांगितलं, ती तिसरी तेवढी सोडून. वर्गातली पोरं कान देऊन ऐकत होती. धाकटा बाकाखाली शिरला होता, आजी शाळेत आली म्हणून लाजून. मोठी मात्र ताठ बसली होती.

दोन दिवसांनी दोघं धावत आली. आता भात-भाकरी नाही राहिलं, बाई. चहा-बिस्कीटवाले एका रांगेत, चपातीवाले एका, आणि मॅगीवाला एकच, तो वेगळा उभा राहून फार ऐटीत होता म्हणे. "आनि तुमी?" म्हटलं. "आमी चपातीत. दोघं." मग मोठीनं विचार केला आणि म्हणाली, "आजी, आमी रोज एकाच रांगेत येनार. आमी खातो तर एकच!" धाकट्यालाही हे सुचलं नव्हतं. तो तिच्याकडं बघत राहिला. त्या संध्याकाळी ताट एक झालं, पण चुलीपाशी तो आला नाही. म्हटलं, ठीक आहे, अर्धं गाव आलं, अर्धं येईल.

गेल्या रविवारी दुपारी मुलगा घरी होता. जेवणं झाली आणि ह्या दोघांनी ओट्यावर शाळा मांडली. मोठी गुरुजी झाली, हातात लाटणं. "जेवलेले इकडे, न जेवलेले तिकडे! बाबा?" माझा मुलगा ढेकर देऊन म्हणाला, "जेवलो, गुरुजी." "इकडे. धाकटा इकडे. मी पन इकडे. आजी?" मी नुसतीच हसले. तिनं लाटणं आपटलं. "आजी, खरं सांगायचं!" मी उठून पलीकडं गेले. "आई?" सून भांडी घेऊन चालली होती. ती थांबली, आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. माझा मुलगा एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. त्याचे कान लाल झाले, ते कडेवर होता तेव्हाही असेच व्हायचे. मग धाकट्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "ही तर मुलींची रांग झाली."

बाई, त्याच शब्दांत. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचा खांब मी त्याला कधी दाखवला नव्हता. आणि मग तो पोरगा, मुलींच्यात बसवला म्हणून पालथा पडून रडलेला, ओटा ओलांडून माझ्याकडं आला, माझं लुगडं मुठीत धरलं आणि आमच्या रांगेत उभा राहिला. म्हणाला, "मी पन नाय जेवलो." तोंडाला वरण लागलेलं, पोट टमटमीत, आणि खोटं बोलतोय गुरुजींच्या तोंडावर! मोठीनं त्याच्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता ही लाटणं हाणणार. पण तिनं लाटणं बापाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, तू हो गुरुजी," आणि ती पण आमच्यात आली. माझा मुलगा लाटणं घेऊन एकटा उभा. मग बावळटासारखा हसला, आत गेला, आणि ताटं घेऊन आला. भात सांडत आणला, पण आणला. धाकट्यानं सोमवारी सकाळी पिठाचा गोळा माझ्या हातातून ओढून घेतला आणि चानकी थापली. फुगली नाही. म्हटलं, सवय गेली तुझी, रोज ये.

हे तुम्हाला पाठवायचं कुठं, असं सून विचारतेय. पाठवायचं नाही. घर आता विटांचं झालं, पण पडवीतला तुमचा कुड मी पाडू दिला नाही. त्याच्या कारवीत खोचून ठेवणार आहे, जिथून तुम्ही बोलायच्यात त्या फटीत. वाळवी वाचेल.

आणि एक राहिलं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, वहिनी, तुम्ही कुठल्या रांगेत, आणि मी भाकरीच्या म्हणाले. मी जेवले नव्हते, बाई. तुम्हाला ते कळलं होतं, हे मला केळीचं पान बघूनच कळलं होतं. आणि आता तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नाही, तर आज पण नाही जेवले. ही पण नाही. उन्हं कलली, हिला लिहायला बसवलं ते बसवलंच मी, आणि हीसुद्धा एकदाही बोलली नाही. धाकटा दारातून डोकावून गेला, लाटणं होतं त्याच्या हातात. थांबते. आधी जेवतो दोघी.